वेताळाचा चित्रपट गुरनच्या बाजूने सांगा

वेताळावर, म्हणजे अमेरिकी कॉमिक्समधल्या ‘फँटम’वर, आजवर धड चित्रपट का झाला नाही, असं विचारलं की बहुतेक जण त्याच्या अंगाला चिकटलेल्या जांभळ्या पोशाखाकडे बोट दाखवतात. भर जंगलात जांभळा माणूस लपणार कसा, आणि पडद्यावर लोक त्याला हसणार नाहीत का? हे कारण सोयीचं आहे, पण खरं नाही. तसेच घट्ट, भडक पोशाख घातलेल्या नायकांनी गेली पंचवीस वर्षं जगभरची थिएटरं भरवली आहेत. वेताळ अडलाय तो दोन ठिकाणी. एक हक्कांच्या कागदांत, दुसरं पटकथेत. कागदांचा गुंता पैसा आणि वकील लावून सुटतो. पटकथेतला सुटत नाही, कारण तिथे एक अवघड प्रश्न उभा आहे: एका गोऱ्या घराण्याने एकवीस पिढ्या दुसऱ्यांच्या जंगलाचं राखणदार का व्हावं? या प्रश्नाला एकाही चित्रपटाने सरळ उत्तर दिलेलं नाही. उत्तर मात्र आहे, ते वेताळाचा जनक असलेल्या ली फॉकच्याच नंतरच्या कथांमध्ये आहे, आणि ते पडद्यावर आणायला फार वर्षं उरलेली नाहीत.

आधी मूळ कथा. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत ‘द फँटम’ ही रोजची स्ट्रिप, म्हणजे चित्रकथेची पट्टी, सुरू झाली. लेखन ली फॉकचं, चित्रं रे मूरची. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो, बांदर जमातीचे लोक त्याला वाचवतात, आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्यायाशी लढायची शपथ घेतो. तो मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. बाहेरच्या जगाला वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. आपण ज्याच्या गोष्टी वाचतो तो एकविसावा, आणि बांदरांचा प्रमुख गुरन हा त्याचा जिवलग मित्र. मुखवटा, घट्ट पोशाख आणि बुबुळं न दिसणारे डोळे ही पुढे सगळ्या सुपरहिरोंची ओळख झालेली खूण आधी त्याच्यावर दिसली. सुपरमॅन त्याच्यानंतर दोन वर्षांनी आला.

मराठी वाचकांपर्यंत तो पोचला मार्च १९६४ पासून, टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून. १९९० मध्ये ती मालिका बंद पडेपर्यंत आठशेच्या आसपास अंक निघाले. त्या संपादकांनी केलेलं एक काम आज चित्रपटवाल्यांनी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे. त्यांनी कथेतले दुखरे सांधे बदलले. मूळ कथेत चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग ब्रदरहुड’, आणि वेताळाच्या बापाला मारणाऱ्या चाच्याचं नाव रामा. भारतातल्या मुलांना हे वाचायला द्यायचं तर कसं द्यायचं? सिंगचं सिंगा झालं, रामाचा रामलू झाला, आणि बंगालच्या जवळ जाणाऱ्या नावाचा ‘बंगाला’ हा वेताळाचा देश डेंकाली झाला. कथेचा कणा तसाच ठेवून, जिथे वाचकाचा अपमान होतो तेवढीच जागा त्यांनी दुरुस्त केली. रूपांतर करताना आधी काय करायचं, हे मुंबईतल्या एका संपादक खात्याला साठ वर्षांपूर्वी कळलं होतं.

पडद्यावरचा प्रवास मात्र अडखळतच झाला. १९४३ मध्ये कोलंबियाने टॉम टायलरला घेऊन १५ भागांची मालिका काढली. त्या काळच्या मालिका आठवड्याला एक भाग अशा थिएटरात दाखवायच्या आणि प्रत्येक भाग नायकाच्या जिवावर बेतलेल्या क्षणी तोडायच्या. वेताळाला तो साचा बरा बसला. १९५५ मध्ये कोलंबियाने पुढची मालिका काढायला घेतली, तर हक्कच हातात नव्हते. मग त्याच नायकाला वैमानिकाची टोपी आणि गॉगल चढवला, नाव ‘कॅप्टन आफ्रिका’ ठेवलं आणि मालिका पुरी केली. तुर्कस्तानात १९६८ मध्ये ‘किझिल मास्के’ या नावाने त्याच्यावर चित्रपट निघाले. तिथे त्याचा पोशाख लाल आहे. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीला हा विषय करायचा होता, पटकथेला आणि जागा शोधायलाही त्याने सुरुवात केली होती. ते तिथेच राहिलं.

मग १९८९ मध्ये ‘बॅटमॅन’ चालला आणि हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आपल्या आजोबांच्या काळातले नायक शोधायला सुरुवात केली. १९९० मध्ये ‘डिक ट्रेसी’, १९९४ मध्ये ‘द शॅडो’, १९९६ मध्ये ‘द फँटम’. यातला ‘शॅडो’ बघा: निर्माता मार्टिन ब्रेगमनने हक्क १९८२ मध्ये घेतले, चित्रपट आला बारा वर्षांनी. इतका वेळ कुठे जातो, हे समजून घ्यायला हवं.

अशा पात्राचे हक्क एकरकमी विकत मिळत नाहीत. आधी ऑप्शन घेतात, म्हणजे थोडे पैसे देऊन ठरावीक मुदतीपुरता पहिला हक्क राखून ठेवतात. मुदत बहुधा वर्ष-दीड वर्षाची, पुढे वाढवता येणारी. पुरी किंमत द्यायची ती चित्रीकरण सुरू होताना. मुदतीत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क मालकाकडे परत. मधल्या काळात प्रत्येक नव्या लेखकाचा खर्डा त्या प्रकल्पाच्या खात्यावर चढतो. स्टुडिओने प्रकल्प सोडला आणि दुसऱ्याने उचलला तर पहिल्याने घातलेले पैसे दुसऱ्याने भरून द्यायचे. पाच-सहा वर्षांत हे ओझं इतकं वाढतं की नव्या निर्मात्याला कॅमेरा भाड्याने घेण्याआधीच तोटा दिसायला लागतो. मुदतीचं हे कलम किती कडक असतं, ते ‘डिक ट्रेसी’ दिग्दर्शित करून त्यात नायक झालेल्या वॉरन बेटीकडे बघून कळतं. ‘डिक ट्रेसी’चे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून त्याने २००८ मध्ये त्या पात्राच्या वेषात टीव्हीसाठी एक छोटा कार्यक्रम चित्रित करायला घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये निकाल बेटीच्या बाजूने लागला.

मालकांचं वागणंही कधी कधी पात्राच्याच मुळावर येतं. ‘लोन रेंजर’ या मुखवटाधारी काउबॉय नायकाचा नवा चित्रपट काढायचा म्हणून मालक कंपनीने १९७९ मध्ये कोर्टाकडून आदेश आणला, की टीव्हीवर वर्षानुवर्षं ती भूमिका केलेल्या क्लेटन मूरने लोकांसमोर मुखवटा घालून जायचं नाही. म्हातारा नट गॉगल लावून कार्यक्रमांना जाऊ लागला. १९८१ मध्ये नवा चित्रपट आला तेव्हा प्रेक्षकांच्या मनात राग आधीच साठलेला होता, आणि चित्रपट आपटला.

वेताळाच्या १९९६ च्या चित्रपटाची वाट अशीच वाकडी. आधी जो दांते तो दिग्दर्शित करणार होता. जेफ्री बोमने लिहिलेला खर्डा मिश्कील होता. जुन्या साहसकथांकडे प्रेमाने हसत पाहणारा. पैशांवरून आणि वेळापत्रकावरून प्रकल्प लांबला, दांते दिग्दर्शनातून बाहेर पडला, आणि सायमन विन्सरने तीच गोष्ट गंभीर चेहऱ्याने चित्रित केली. दांतेने स्वतःच नंतर सांगितलंय, की ही पटकथा विनोदी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. चित्रपट आज पाहिला तर हा सांधा ठिकठिकाणी जाणवतो. खलनायक झेंडर ड्रॅक्सच्या भूमिकेत ट्रीट विल्यम्स एका चित्रपटात आहे, वेताळ झालेला बिली झेन दुसऱ्या. झेनचं काम मनापासूनचं आहे. पोशाखात बनावट स्नायू भरण्यापेक्षा त्याने शरीर कमावलं, आणि तो त्या जांभळ्या कपड्यात एकदाही अवघडलेला दिसत नाही. पोशाखाच्या तक्रारीला तेवढं उत्तर पुरे आहे.

पडला तो दुसऱ्याच कारणांनी. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास कमाई केली. ७ जून १९९६ ला तो लागला, त्याच दिवशी ‘द रॉक’ लागला. ‘ट्विस्टर’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ आधीच जोरात होते आणि जुलैत ‘इंडिपेन्डन्स डे’ येणार होता. ज्या देशात या पात्राचं वेड सगळ्यात कमी, त्याच देशाच्या उन्हाळ्यावर सगळा डाव लावला गेला. ऑस्ट्रेलियात ‘फ्रू’ प्रकाशन १९४८ पासून वेताळ छापतंय. स्वीडनमध्ये ‘फँटोमेन’ १९५० पासून निघतंय. भारतात त्याचे वाचक तेव्हा तीन दशकांचे जुने होते.

तारखेपेक्षा मोठी चूक कथेत आहे. १९३८ सालची गोष्ट, सोनं, चांदी आणि जेडच्या तीन जादुई कवट्या, त्या मिळवायला निघालेला न्यूयॉर्कचा उद्योगपती. अर्धा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये. बंगाला नावाच्या देशातल्या एकाही माणसाला या गोष्टीत काही गमवायचं नाही, काही कमवायचं नाही. गुरन आहे, पण गुहेतली व्यवस्था बघण्यापुरता. थोडक्यात, गोऱ्या राखणदाराचा प्रश्न चित्रपटाने सोडवला नाही, नजरेआड केला. जंगलातली माणसंच बाजूला सारली की प्रश्न विचारायला कुणी उरत नाही.

२०१० च्या टीव्ही चित्रपटाने नेमकी उलट चूक केली. काळ आजचा, नायक अमेरिकेत वाढलेला विद्यार्थी, जांभळ्या पोशाखाच्या जागी चिलखतासारखा तांत्रिक सूट. लाज वाटणारं सगळं काढून टाकलं आणि मागे कुठल्याही मालिकेत शोभेल असा एक चपळ तरुण उरला.

फॉकने स्वतः काय केलं, ते बघा. सुरुवातीच्या स्ट्रिपमधलं जंगल आशियात कुठेतरी, धूसर. पुढे ते आफ्रिकेत स्थिरावलं. १९६० च्या दशकात खरोखरीचा आफ्रिका स्वतंत्र होत असताना फॉकने बंगालालाही निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष दिला: लमांडा लुआगा, पेशाने डॉक्टर. सत्ता बळकावायला निघालेला जनरल बबाबू आणला, आणि वेताळाला लुआगाच्या बाजूने उभं केलं. जंगल पेट्रोलचं, म्हणजे जंगलातल्या गस्ती दलाचं, नेतृत्व गोऱ्या कर्नलकडून वोरुबू या आफ्रिकी कर्नलकडे गेलं. १९७७ मध्ये वेताळाचं प्रेयसी डायनाशी लग्न झालं, आणि ती संयुक्त राष्ट्रांत काम करते. मग जुळी झाली, किट आणि हेलॉइज. म्हणजे लेखकाने तीस-चाळीस वर्षं घेऊन आपल्याच पात्राला राजेपणाच्या जागेवरून खाली उतरवलं, आणि वाचक तुटले नाहीत. साय बॅरीच्या चित्रांतला हाच वेताळ इंद्रजालमधून आपल्या घरांत आला.

या सगळ्याच्याही खाली एक गोष्ट कथेत पहिल्यापासून आहे, तिचा पुरता उपयोग कुणी केलेला नाही. वेताळ अमर आहे हे खोटं आहे, आणि ते खोटं बांदर सांभाळतात. वीस वेताळ मेले, वीस वेळा गुहेत पुरले गेले, वीस वेळा एका घाबरलेल्या तरुण पोराला बापाचा पोशाख चढवून बाहेर पाठवलं गेलं. हे सगळं एका जमातीला ठाऊक आहे आणि त्यांनी पिढ्यानपिढ्या बाहेर एक शब्द जाऊ दिला नाही. जंगलात ढोल वाजतात, म्हणी फिरतात, अफवा पसरतात, त्या कोण पसरवतं? त्यांच्या मौनाशिवाय वेताळ हा नुसता एक पिस्तूलधारी गोरा माणूस आहे. कोकणातल्या आरवलीच्या वेतोबाला चपलांचा जोड वाहिला जातो, तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून. त्या वेतोबाला फिरता ठेवते ती गावाची श्रद्धा. वेताळाच्या बाबतीतही दंतकथेची मालकी तिला जपणाऱ्यांकडे आहे. चित्रपट गुरनच्या बाजूने सांगितला, तर प्रश्न बदलतो. हा गोरा इथे का, याऐवजी विचारता येतं की या लोकांनी चारशे वर्षं हे नाटक चालू का ठेवलं, त्यातून त्यांना काय मिळालं, आणि आता देश स्वतंत्र झाल्यावर ते चालू ठेवायचं का? हा प्रश्न लुआगा विचारू शकतो. वेताळाला त्याचं उत्तर द्यावं लागेल आणि गुरनलाही.

म्हणून काळ १९३८ नको. स्वातंत्र्याच्या आसपासचा, १९६० नंतरची दोन-तीन वर्षं. तिथे घोडा, गुहा, पिस्तुलं आणि ढोल सगळं शोभतं, आणि राजकीय पेच कथेतच असतो.

यावर लगेच येणारा आक्षेप खरा आहे. २०१३ चा ‘द लोन रेंजर’ साथीदाराच्याच तोंडून सांगितला होता, म्हातारा टोंटो एका मुलाला गोष्ट सांगतो. मग तो का बुडाला? एक तर टोंटो जॉनी डेपने केला, त्यामुळे आवाज मूळ रहिवाशाचा झालाच नाही. दुसरं, त्याच्या लोकांच्या कत्तलीचा प्रसंग आणि रेल्वेवरची हाणामारीची गंमत एकाच चित्रपटात शेजारी शेजारी ठेवली, तीही १४९ मिनिटांच्या. आणि खर्च. तो आवरेना म्हणून डिस्नेने २०११ मध्ये काम थांबवलं होतं, तरीही तो वीस कोटी डॉलरच्या वर गेला. मुखवटा घातलेला जुना नायक एवढं वजन पेलू शकत नाही. १९९८ चा ‘द मास्क ऑफ झोरो’ साडेनऊ कोटींत झाला आणि जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास कमावून गेला. त्याने काय केलं? म्हाताऱ्या झोरोने तरुणाच्या हाती मुखवटा दिला आणि सगळी गोष्ट त्या देण्याघेण्याभोवती गुंफली. झोरोसाठी हे लेखकांना नव्याने रचावं लागलं. वेताळाच्या कथेत वारसा पहिल्या दिवसापासून आहे. १९९४ च्या ‘फँटम २०४०’ या कार्टून मालिकेने त्याच बळावर चोविसावा वेताळ भविष्यात नेला आणि तो तिथेही पटला.

आता पोशाख, कारण तो नीट केला नाही तर बाकीचं वाया जातं. जांभळा रंग सोडू नये. हिरव्या रानात तो उठून दिसतो हेच कामाचं आहे. वेताळाला लपायचं नसतं, त्याला दिसून नाहीसं व्हायचं असतं. अडचण कापडाची आहे. कृत्रिम धाग्याचं गडद कापड डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश परावर्तित करतं. उन्हात काम करताना कॅमेऱ्यासमोर प्रकाश कमी करणारे जाड एनडी फिल्टर लावले की दिसणारा प्रकाश अडतो, इन्फ्रारेड मात्र सेन्सरपर्यंत पोचतो, आणि रंग लालसर, मळका दिसायला लागतो. एका शॉटमध्ये जांभळा, दुसऱ्यात विटका. त्यासाठी इन्फ्रारेडही अडवणारे फिल्टर लागतात आणि कापडाची चाचणी आधी, खऱ्या झाडांच्या सावलीत, त्याच कॅमेऱ्यावर करावी लागते. सपाट कापड दमट हवेत घामाचे डाग लगेच दाखवतं, म्हणून विणीला पोत हवा. १९९६ च्या पोशाखावर नक्षी होती, ती कल्पना ठेवण्यासारखी आहे. एकाच पोशाखाच्या बऱ्याच प्रती लागतात: जवळच्या शॉटसाठी चोख शिवलेली, मारामारीसाठी सांध्यांत ताण घेणारी, तारांवर लटकायच्या प्रसंगांसाठी आत पट्टे मावतील अशी थोडी सैल.

डोक्यावरची टोपी मानेपर्यंत जाते, आणि इथे ‘बॅटमॅन’वाल्यांचा धडा आहे. १९८९ च्या पोशाखात नटाला मान वळवता येत नसे, सगळं अंग वळवावं लागे. २००८ पर्यंत जाऊन टोपी आणि गळा वेगळे झाले. डोळ्यांचं काय? कागदावर बुबुळं नाहीत, त्याने धाक बसतो. दोन तास बुबुळांशिवाय नट मात्र अभिनय करू शकत नाही. सरळ उपाय हा, की शत्रूच्या नजरेतून दिसणाऱ्या शॉटमध्ये डोळे पांढरे ठेवायचे, आणि गुरन किंवा डायनाच्या नजरेतून माणसाचे. कुणाला दंतकथा दिसते आणि कुणाला माणूस, हे त्यातून संवादाशिवाय कळेल.

राहिला मुदतीचा प्रश्न. अमेरिकेत त्या काळच्या प्रकाशित कामांना ९५ वर्षांचं संरक्षण आहे. त्या हिशेबाने १९३६ च्या स्ट्रिप्स १ जानेवारी २०३२ रोजी सर्वांना खुल्या होतील. वेताळाचे हक्क असलेल्या किंग फीचर्स कंपनीचाच पोपाय हा खलाशी २०२५ मध्ये असाच खुला झाला आणि लगोलग त्याच्यावर स्वस्तातले भयपट निघाले. वेताळाचं तेच होईल, आणि त्यात एक जास्तीचा धोका आहे. खुला होणार तो १९३६ चा वेताळ: सिंग टोळीशी लढणारा, अजून पुरता घडलेला नसलेला. त्या पहिल्या कथेत फॉकच्या मनात जिमी वेल्स नावाचा श्रीमंत रंगेल तरुणच वेताळ निघणार होता. त्याने बेत मधेच बदलला. लुआगा, वोरुबू, डायनाशी लग्न, जुळी मुलं, यातलं काहीच त्या दिवशी खुलं होणार नाही. नाव आणि चिन्हांवरचे ट्रेडमार्कही मालकाकडेच राहतील. म्हणजे ज्याला कुणाला फुकटात वेताळ हवा असेल, त्याच्या हातात सगळ्यात कच्चा, सगळ्यात वसाहतवादी वेताळ पडेल, आणि लोकांच्या डोळ्यांपुढे तोच जाईल. सुधारलेला वेताळ दाखवायचा तर तो मालकांच्या परवान्यानेच दाखवता येईल, आणि तो आधी यायला हवा.

म्हणून परवाना घेणाऱ्याने ‘फँटम हे पात्र’ एवढ्यावर सही करू नये. करारासोबतच्या परिशिष्टात १९६० आणि ७० च्या दशकांतल्या कथांची आणि पात्रांची नावं एकेक करून लिहून घ्यावीत: लुआगा, बबाबू, वोरुबू, किट, हेलॉइज. हेलॉइजचं नाव विसरू नये. सतराव्या वेताळाच्या बहिणीने, ज्युलीने, भाऊ जायबंदी असताना तो पोशाख घातला होता, ही फॉकचीच कथा आहे. बावीसावा वेताळ मुलगी होऊ शकते, याला मूळ कथेतच आधार आहे. पहिल्या चित्रपटाचा करार करतानाच तो आधार कागदावर आला नाही, तर दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी त्याची किंमत तिप्पट मागितली जाईल.